प्रतिपक्षाची पारख

वार्षिक सामन्याला आठ दिवस उरले, म्हणजे कोणत्याहि महाविद्यालयाच्या वसतिगृहांत एक चमत्कारिक विद्या जागी होते. एरवीं ज्यांना स्वतःच्या परीक्षेची तारीख ठाऊक नसते, ते विरुद्ध संघांतील अकराहि खेळाडूंची कुंडली तोंडपाठ म्हणून दाखवितात. त्यांचा सेंटर फॉरवर्ड चेंडू असा मारतो कीं गोलाची जाळी फाटते. त्यांचा गोलरक्षक नुसता उंच आहे, जमिनीवरचा चेंडू त्याला दिसतच नाहीं. त्यांचा कप्तान आजारी आहे. छे, आजाराचें सोंग करून पडला आहे. ही माहिती कोठून येते, हें कोणी विचारीत नाहीं. ती चहाच्या दुकानांतून येते, लोकलच्या डब्यांतून येते, आणि बहुधा कोणाच्या तरी मावसभावाकडून येते. आज मला बोलावयाचें आहे तें या गप्पांविषयीं नव्हे. सामन्यापूर्वीं प्रतिपक्षाचें बळ खरोखर मोजावें कसें, आणि मोजल्यावर त्या मापाचें करावें काय, हे माझे दोन प्रश्न आहेत. दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे, हें मला अंगावर शेकलेल्या एका प्रसंगावरून कळलें. त्या प्रसंगाचा आरंभ गोराईच्या किनाऱ्यावर झाला.

ही हकीकत सुमारें पन्नास वर्षांपूर्वींची. मी मुंबईंतील एका महाविद्यालयाच्या फुटबॉलसंघांत होतों; संघांत म्हणजे संघाच्या यादींत. लिंबें कापणें, कोट सांभाळणें, आणि कोणाचा पाय मुरगळतो काय याची सभ्यपणें वाट पाहणें, हीं राखीव खेळाडूचीं कामें माझ्याकडे होतीं. आमचें हाडवैर दुसऱ्या एका महाविद्यालयाशीं होतें. दोहोंचीं नांवें मी सांगत नाहीं. दोहोंचे माजी विद्यार्थी एकमेकांस क्षमा करावयास अद्याप तयार नाहींत. तीन वर्षें लागोपाठ आम्ही हरलों होतों. चौथ्या वर्षीं आमच्या कप्तानानें ठरविलें कीं, ऐकीव गोष्टींवर विसंबावयाचें नाहीं. कोणीतरी जाऊन डोळ्यांनीं पाहून यावयाचें. विरुद्ध संघ त्या आठवड्यांत गोराईस मुक्कामाला गेला होता. त्यांचा डावा बॅक तेथलाच, कोळ्याचा मुलगा. त्याच्या घरीं सर्वांची उतरण्याची सोय झाली होती, आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या ओल्या वाळूवर ते सराव करीत. मला त्यांच्यापैकीं कोणी ओळखीत नव्हतें. राखीव खेळाडूचा चेहरा कोण लक्षांत ठेवतो? एक वही, एक पेन्सिल आणि होडीच्या भाड्यापुरते पैसे देऊन कप्तानानें माझी रवानगी केली.

ज्या श्रोत्यांनीं गोराई पाहिली नसेल त्यांच्याकरितां दोन शब्द सांगतों. बोरिवलीच्या पश्चिमेस खाडी आहे. धक्क्यावरून होडींत बसावयाचें आणि पलीकडे उतरावयाचें. उतरल्यावर मुंबई संपली असें वाटतें, वस्तुतः ती संपलेली नसते. दक्षिणेस मनोरी, उत्तरेस उत्तन आणि मध्यें गोराई, असा हा धारावी बेटाचा समुद्राकडील किनारा. धारावी म्हटल्यावर मुंबईकरांस जी वस्ती आठवते ती अर्थात् निराळी. आज खाडीच्या कांठीं विपश्यनेचा सोनेरी पॅगोडा दुरूनच दृष्टीस पडतो. तो २००९ सालीं खुला झाला. माझ्या वेळीं तो नव्हता. कोळ्यांचीं आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती शेतकऱ्यांचीं घरें, भाताचीं खाचरें, ताडाचीं झाडें, बाळ येशूच्या दर्शनास आलेल्या तीन राजांच्या नांवाचें चर्च, आणि या सर्वांपलीकडे लांबच लांब वाळू, एवढेंच मीं तेथें पाहिलें.

पहिल्या दिवशीं मीं वहींत काय लिहिलें, तें आठवलें म्हणजे आजहि हसूं येतें. सुरूच्या झाडांच्या सावलींत बसून मीं गोल मोजले. त्यांच्या सेंटर फॉरवर्डनें सात वेळां चेंडू मारला, त्यांतले पांच गोल झाले. मीं त्याची उंची लिहिली, त्याचे कुरळे केस लिहिले, आणि त्याच्या नांवाखालीं दोन रेघा ओढल्या. पानभर मजकूर झाला, परंतु तो सगळा जिकडे चेंडू तिकडे नजर या एकाच वाटेनें जमलेला होता. जो मनुष्य वसतिगृहांतल्या गप्पांत सर्वांना आधींच ठाऊक होता, त्याचीच कीर्ति मीं खाडी ओलांडून पुन्हां लिहून काढली.

ही चूक फक्त माझ्यासारख्या नवशिक्याच्या हातून होते असें मात्र समजूं नये. २५ नोव्हेंबर १९५३ रोजीं लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंड आणि हंगेरी यांचा सामना झाला. युरोपच्या मुख्य भूमीवरील कोणत्याहि देशानें तोंवर इंग्लंडला त्याच्या घरीं हरविलें नव्हतें. हंगेरीचा संघ कांहीं लपून राहिलेला नव्हता. आदल्याच वर्षीं हेलसिंकी येथें त्यानें ऑलिंपिकचें सुवर्णपदक जिंकलें होतें. तरी इंग्लंडच्या बचावफळीनें पाहिला तो पाठीवरचा आंकडा. ९ हा आंकडा ज्याच्या पाठीवर तो सेंटर फॉरवर्ड, आणि सेंटर फॉरवर्डला सेंटर हाफनें धरून ठेवावयाचें, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा पाठ. परंतु हंगेरीचा ९ आंकड्याचा हिदेगकुटी पुढें उभाच राहीना. तो मागें सरे, मैदानाच्या मध्यावर चेंडू घेई आणि वाटून देई. इंग्लंडचा सेंटर हाफ जॉन्स्टन पेंचांत पडला. त्याच्यामागें जावें तर गोलासमोर भगदाड पडे; न जावें तर हिदेगकुटी मोकळा सुटे. पहिला गोल पहिल्याच मिनिटांत हिदेगकुटीनें केला, एकंदर तीन केले, आणि हंगेरीनें सामना ६-३ असा जिंकला. पुढच्या मे महिन्यांत बुडापेस्टला पुन्हां गांठ पडली. आतां तर इंग्लंडनें सर्व प्रकार स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला होता. तेथें त्यांचा ७-१ असा पराभव झाला.

गोराईचा दुसरा दिवस. माझ्या झाडाजवळच एक म्हातारा कोळी जाळें सांधीत बसला होता. तरुणपणीं तो गांवच्या पोरांबरोबर फुटबॉल खेळलेला. माझी वही पाहून त्यानें विचारलें, "पोरा, अभ्यास करायला इतक्या लांब आलास?" मीं सांगितलें कीं, मला खेळ पाहण्याची आवड आहे. तें खोटें नव्हतें. अर्धें खरें होतें. अर्धें खरें सांगतांना जीभ नेहमीपेक्षां गोड होते, हें माझ्या तेव्हांच लक्षांत आलें. थोड्या वेळानें तो जाळ्यांतून मान वर न करतां म्हणाला, "चेंडू काय बघतोस? चेंडू सगळेच बघतात. ज्याच्यापाशीं चेंडू नाय, तो काय करतो तें बघ."

त्यावर मीं एक युक्ति केली. एका वेळीं एकच खेळाडू धरावयाचा आणि दहा मिनिटें त्याच्यावरून नजर काढावयाची नाहीं, चेंडू कोठेंहि असो. हें वाटतें तितकें सोपें नाहीं. डोळा पाण्यासारखा उताराकडे, म्हणजे चेंडूकडे धांवतो. आपणांपैकीं कोणी सामना पाहावयास गेल्यास करून पाहावें. पण अर्ध्या तासांत मला एक असा मनुष्य सांपडला, ज्याचें नांव आमच्या वसतिगृहांत कोणीच घेतलेलें नव्हतें. हाडकुळा, खांदे पडलेला, उजव्या बाजूचा हाफबॅक. तो धांवे थोडें. चेंडू त्याच्याजवळ क्षणभरहि थांबत नसे, म्हणूनच तो कोणाच्या लक्षांत राहत नसावा. परंतु चेंडू पायाशीं येण्यापूर्वीं तो दर वेळीं मान वळवून मागें पाही. एकदां डाव्या खांद्यावरून, एकदां उजव्या. चेंडू आला कीं तो कोणाकडे द्यावयाचा, हें त्याचें आधींच ठरलेलें असे. सेंटर फॉरवर्डच्या पायाशीं चेंडू जेव्हां जेव्हां मोकळ्या जागेंत जाऊन पडे, तेव्हां तेव्हां तो या हाडकुळ्याकडून आलेला असे. तोफ सर्वांना दिसत होती. बत्ती देणारा मला त्या दिवशीं दिसला.

दुसरी अडचण जागेची होती. सराव पाहून सामन्याचें भाकित करणें म्हणजे कोंकणांतलें शेत पाहून देशावरच्या पिकाची आणेवारी ठरविण्यासारखें आहे. ओल्या वाळूवर चेंडू धांवतो एक तऱ्हेनें आणि गवतावर दुसऱ्या. पोरें वाळूवर अनवाणी खेळत; सामन्याला बूट घालणार. किनारा समुद्राकडे किंचित् उतरता, म्हणून त्या बाजूस चेंडू आपोआप घरंगळे. दुपारनंतर समुद्रावरून वारा आडवा येई. ते लोक चेंडू सदैव जमिनीलगत खेळवीत, याचें मला प्रथम मोठें कौतुक वाटलें. मग शंका आली कीं, हें त्यांचें शिक्षण कीं वाऱ्याची भीति? उंच मारलेला चेंडू सुरूच्या झाडांत जातो, आणि आणावयास धांवावें लागतें, हें त्यांनाहि कळत असेल. तसेंच डाव्या बॅकचें. चेंडूच्या मागें वळतांना तो अर्धें पाऊल उशीरा वळे. मीं तें उताराच्या खातीं मांडलें. पण बाजू बदलल्यावरहि तो तसाच उशीरा वळूं लागला, तेव्हां मीं त्याच्या नांवापुढें प्रश्नचिन्ह काढलें.

दोनतीन दिवसांच्या पाहण्याची मिजास किती मिरवावी, हाहि प्रश्नच आहे. आपल्याकडे प्रतिपक्षाच्या परिचयाचें सर्वांत मोठें उदाहरण क्रिकेटचें आहे, आणि तें पुण्यांत घडलें. पालवणकर बाळू हे १८९२ च्या सुमारास पुण्याच्या युरोपियन क्लबांत महिना चार रुपयांवर मैदानाच्या कामाला होते. तेथील नामांकित फलंदाज ग्रेग हा इतरांच्या आधीं मैदानावर येऊन त्यांच्याकडून गोलंदाजी करून घेई. आपल्याला एकदां बाद केल्यास आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. साहेबाच्या समजुतीप्रमाणें सराव साहेबाचा चालला होता. अस्पृश्य मानलेल्या जातींतील या गोलंदाजास संघांत घ्यावें कीं नाहीं, यावर पुण्याच्या हिंदु क्लबांत वाद माजला. अखेर घेतलें, पण चहा मात्र मंडपाबाहेर निराळ्या भांड्यांत. साताऱ्याच्या गोऱ्या संघानें बाळूंच्या फिरकीची धास्ती घेऊन खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरविला आणि तरीहि त्यांनीं सात गडी बाद केले, असें सांगतात. पुढें फेब्रुवारी १९०६ मध्यें मुंबईस हिंदु संघानें युरोपियनांस १०९ धांवांनीं हरविलें, त्यांतहि बाळूंची गोलंदाजी होतीच. सातारकरांनीं प्रतिपक्षाची पारख केलीच नाहीं असें नाहीं. त्यांनीं ती जमिनीची केली, माणसाची केली नाहीं. आणि बाळूंच्या स्वतःच्या संघानें त्यांचें बळ ओळखून त्यांना जी वागणूक दिली, ती पाहतां घरची पारख तरी कितपत खरी होती, हें मी काय सांगूं!

पुन्हां गोराईकडे येतों. ओहोटी रोज उशीरा होत जाते, हें शहरांत वाढलेल्या मला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशींचा खेळ अंधार पडेपर्यंत चालला आणि माझी शेवटची होडी चुकली. म्हाताऱ्यानें मला आपल्या घरीं नेलें. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचें कालवण मीं पोटभर खाल्लें. जेवतांना तो आपल्या पुतण्याविषयीं बोलूं लागला, आणि दोन वाक्यांत माझ्या ध्यानांत आलें कीं, पुतण्या म्हणजेच तो डावा बॅक. होडी वर ओढतांना त्याचा उजवा गुडघा दुखावला होता. डॉक्टरनें खेळूं नको म्हणून बजावलें होतें. "ऐकत नाय," म्हातारा म्हणाला. "वर्षाचा एकच सामना, म्हणतो. तूं सांग, पायापेक्षां सामना मोठा?" मीं मान हलविली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

तिसऱ्या दिवशीं उजाडतांच सकाळच्या ओहोटीवर ते खेळूं लागले. वारा पडलेला होता, तरी चेंडू जमिनीलगतच. म्हणजे ती वाऱ्याची भीति नव्हती, शिक्षण होतें. तें मीं समाधानानें लिहिलें. नंतर बराच वेळ पेन्सिल हातांत धरून बसलों. अखेरीस सर्वांत शेवटीं एक ओळ लिहिली: "डावा बॅक, उजवा गुडघा अधू, आंतल्या बाजूस वळतांना मागें पडतो." म्हाताऱ्याचा निरोप घेऊन मी होडींत बसलों. आपण केवळ स्वतःच्या निरीक्षणास पडताळा मिळविला, अशी मीं माझी समजूत घातली. प्रश्नचिन्ह तर मीं त्याच्या घरीं जेवण्यापूर्वींच काढलें होतें ना?

सामन्याच्या आदल्या रात्रीं कप्तानाच्या खोलींत मीं वही वाचून दाखविली. चार पानें होतीं. हाडकुळ्या हाफबॅकवर दीड पान होतें. तें चालू असतां कोणी जांभई दिली, कोणी बुटाच्या नाड्या ओंवूं लागला. "तो? तो तर चेंडू पायाशीं ठेवतसुद्धां नाहीं," एकजण म्हणाला. चेंडू पायाशीं न ठेवणें हेंच त्याचें बळ, असें मीं सांगूं पाहिलें. पण समोर आपल्याहून शहाणा मनुष्य उभा राहणार आहे, ही बातमी ऐकावयास कोणी उत्सुक नसतें. मग मीं शेवटची ओळ वाचली. खोलींत एकदम जीव आला. "कोणता गुडघा?" "उजवा नक्की ना?" "पुन्हां वाच." चार पानांची ती वही त्या क्षणीं एका ओळीची झाली. कप्तान उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मग ठरलें. त्याच बाजूनें जावयाचें." मला "पण" म्हणावयाचें होतें. मीं म्हटलें नाहीं. त्या मंडळींत माझें बोलणें पहिल्यांदाच कोणी इतक्या आदरानें ऐकत होतें.

दुसऱ्या दिवशीं काय झालें, तें ज्यांना मैदानाची आकृति डोळ्यांसमोर आणतां येते त्यांनीं पाहावें. त्यांचा डावा बॅक म्हणजे आमची उजवी बाजू. आमचें सर्व बळ उजवीकडे लोटलें. आमचे डाव्या बाजूचे दोघेहि हळूहळू तिकडेच ओढले गेले, कारण गुडघा तिकडे होता. वीस मिनिटें प्रेक्षकांस आमचीच सरशी दिसली. पण तो पोरगा वळेचना. तो पुढेंहि आला नाहीं; आपल्या जागीं खुंट्यासारखा उभा राहिला, आणि त्याच्या शेजारीं त्यांचा आणखी एक गडी चिकटून होता. इकडे आमची डावी बाजू, म्हणजे त्यांची उजवी, ओस पडलेली. तेथें तो हाडकुळा हाफबॅक एकटा उभा राहून डाव्या खांद्यावरून पाही, उजव्या खांद्यावरून पाही, आणि चेंडू पाठवी. त्याला अडवावयास चार हातांच्या आंत कोणी नव्हतें. तीन गोल झाले. त्यांतला ज्याची एवढी भीति घातली होती त्या सेंटर फॉरवर्डनें केला एकच.

आमचाहि एक गोल झाला. उत्तरार्धांत आमच्या दोघांनीं मिळून त्या डाव्या बॅकला अखेर वळावयास लावलें. तो वळला, गुडघा दगा देऊन गेला आणि तो खालीं बसला. आमच्या खेळाडूनें त्याच्या बाजूनें चेंडू काढला आणि गोल केला. मैदानाबाहेर आमचें सारें महाविद्यालय नाचत होतें. मीहि ओरडलों. ओरडतांना तो अजून खालींच बसलेला मला दिसत होता. त्याला दोघांनीं उचलून बाहेर नेलें, आणि सामना आम्ही ३-१ असा हरलों.

पुष्कळ वर्षें मला असें वाटे कीं, माझी वही चांगली होती आणि वाचणारे वाईट होते. आतां तसें वाटत नाहीं. प्रतिपक्षाचें व्यंग आणि प्रतिपक्षाचें बळ हीं एकाच पानावर लिहिलीं, तर वाचणारा व्यंगच वाचणार, हें मला ठाऊक असावयास हवें होतें. याच्या उलट रीत कोणती, हें पाहावयाचें असल्यास १९६२ च्या जकार्ता येथील आशियाई खेळांकडे पाहावें. भारताचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, मूळचे शाळामास्तर. पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियानें भारताला २-० असें हरविलें. पुढें थायलंड, जपान आणि दक्षिण व्हिएतनाम यांना हरवून भारत अंतिम सामन्यांत आला, तों समोर पुन्हां तोच कोरिया. मधल्या काळांत सेंटर हाफ जर्नेलसिंग याच्या कपाळाला जखम होऊन सहा टांके पडले होते. रहीम यांनीं त्या टांके घातलेल्या बचावपटूस उपांत्य सामन्यापासून पुढें नेऊन फॉरवर्ड केलें. कोरियानें पहिल्या सामन्यांत जो संघ वाचला होता, तो अंतिम सामन्यांत त्यांच्यापुढें त्या रूपांत उभाच राहिला नाहीं. ४ सप्टेंबरच्या त्या सामन्यांत प्रदीपकुमार बॅनर्जी यांनीं पहिला गोल केला आणि दुसरा जर्नेलसिंगनें. भारत २-१ असा विजयी झाला. त्या संघांत आपल्या मुंबईच्या टाटा संघाचा हाफबॅक फोर्तुनातो फ्रँको होता, हें मुंबईकरांनीं विसरूं नये; हाफबॅकांना विसरण्याची खोड सर्वांनाच असते. माझ्या समजुतीप्रमाणें रहीम यांनीं कोरियाचें बळ आहे तेवढें मान्य केलें, आणि मग हात घातला तो कोरियाच्या दोषांत नव्हे, तर स्वतःच्या मांडणींत. पुढच्याच वर्षीं, १९६३ च्या जूनमध्यें, ते कर्करोगानें वारले.

सामन्यानंतर दहाबारा वर्षांनीं मी मुलांना घेऊन गोराईस गेलों होतों. परत येतांना होडींत समोरच्या फळीवर एक गृहस्थ बसले होते. त्यांचा उजवा पाय सरळ पुढें सोडलेला होता. चेहरा मीं ओळखला; त्यांनीं मला ओळखण्याचें कारण नव्हतें. मीं सामन्याचा विषय काढला आणि आपण कोणत्या बाजूचे तें सांगितलें. त्यांनीं माझ्याकडे निरखून पाहिलें आणि विचारलें, "वही घेऊन आले होते ते तुम्हीच काय?"

सगळी गोष्ट त्यांना ठाऊक होती. मी गेलों त्याच दिवशीं चुलत्यानें त्यांना सांगितलें होतें कीं, शहरांतला एक पोरगा आला, जेवला, झोंपला, फुटबॉलविषयीं सारें विचारून गेला, पण स्वतः कोणत्या कॉलेजांत शिकतो तें एकदांहि बोलला नाहीं. गुडघ्याची गोष्ट आपण त्याच्यापाशीं बोललों, म्हणून म्हातारा हळहळत होता. पुतण्यानें तें आपल्या कप्तानाला सांगितलें. कप्तान हंसला आणि म्हणाला, "बरें झालें. आतां ते सगळे तुझ्याच बाजूनें येतील. तूं फक्त वळूं नको." गृहस्थ हें सांगतांना स्वतःहि हंसत होते.

"आणि खरोखरच तुम्ही सगळे आलांत," ते म्हणाले. मग जरा थांबून विचारलें, "वहींत आणखी काय लिहिलं होतं?"

मीं त्यांना हाडकुळ्या हाफबॅकविषयीं सांगितलें. मान कशी वळवी, चेंडू कसा सोडी, तें सगळें. त्यांनीं लक्षपूर्वक ऐकलें. "हें बरोबर लिहिलं होतं," ते म्हणाले. "हें आमच्यापैकींसुद्धां फार थोड्यांना कळलं होतं."

चुलत्याविषयीं मीं विचारलें. ते दोन वर्षांपूर्वीं वारले होते.

होडी धक्क्याला लागली. ओहोटी असल्यामुळें पायऱ्या बऱ्याच वर राहिल्या होत्या. ते कठड्याला धरून, एकेक पायरी उजवा पाय जपून टाकीत चढूं लागले, आणि मी मुलांना मागें थांबवून उभा राहिलों.